नाताळाआधीचे चार रविवार: लहान मुलांच्या घराचं डिसेंबरचं वेळापत्रक

नाताळची तयारी पुढून मोजायला घेतली की हमखास घोळ होतो. एक डिसेंबरला वाटतं, चांगले पंचवीस दिवस हातात आहेत. त्यातून कामाचे दिवस वजा करा, शाळेचं स्नेहसंमेलन आणि क्रीडादिन वजा करा, एका पोराचा ताप-खोकला वजा करा (डिसेंबरात तो येतोच), की उरतात चार रविवार आणि थोड्या रात्री. म्हणून इथे सगळं उलट्या बाजूने मांडलं आहे. २४ तारखेला संध्याकाळी सातनंतर घरातलं कुणीही ओट्यापाशी उभं नसेल, एवढं आधी ठरवायचं. मग तिथून मागे येत येत एकेका कामाला दिवस द्यायचा.

हे लिहिते आहे वसईतल्या एका कॅथलिक घरातून. नवरा-बायको दोघंही विरार लोकलने कामावर जाणारे, थोरली पहिलीत, धाकटा अडीच वर्षांचा, आणि घरात सासूबाई. अहिल्यानगर-पुण्याकडच्या प्रोटेस्टंट घरांत किंवा गोव्यात पदार्थ आणि चालीरीती थोड्या वेगळ्या असतील, पण कामांचा क्रम फारसा बदलत नाही.

आधी कॅलेंडर, मग यादी

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला येतो, पुढचे तीन ६, १३ आणि २० डिसेंबरला. नाताळ शुक्रवारी आहे. म्हणजे शुक्रवार ते रविवार सलग सुट्टी, म्हणजेच पाहुणे. आणि २४ तारीख गुरुवारी, कामाच्या दिवशी. एकच रजा मिळणार असेल तर ती २४ ची घ्या, आणि नोव्हेंबरातच अर्ज टाकून ठेवा. ‘तुमचा सण २५ ला ना, मग २४ ला कशाला सुट्टी?’ असं विचारणारा साहेब प्रत्येक ऑफिसात एक तरी असतो.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणखी काही खुणा करा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीला जाण्यासाठी दादरला लाखो लोक उतरतात, तेव्हा त्या दिवशी आणि आदल्या दिवशी मुलांना घेऊन मुंबईच्या खरेदीला निघू नका. १६ तारखेपासून चर्चमध्ये नाताळची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते, ती २४ पर्यंत. पापनिवेदनाच्या (कन्फेशनच्या) रांगा शेवटच्या आठवड्यात लांबतात, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतच जाऊन या. शाळेच्या तारखा शाळा ऐनवेळी सांगते, पण वर्गशिक्षिकेला नोव्हेंबरात विचारलं तर अंदाज मिळतो. आणि लग्नं. आगमनकाळात आपल्याकडे सहसा लग्न लावत नाहीत, त्यामुळे सगळी लग्नं २६ डिसेंबरनंतर एकावर एक येतात. पत्रिका आल्या की त्याच कॅलेंडरवर टाका. कपड्यांचा आणि आहेराचा हिशेब त्यांच्यासकट करावा लागतो.

पैशांचंही तसंच. नाताळ होतो तो नोव्हेंबरच्या पगारावर. डिसेंबरचा पगार येईपर्यंत गोठा (येशूजन्माचा देखावा) आवरायची वेळ झालेली असते. पगार झाला की खाणं, कपडे आणि देणंघेणं अशी तीन पाकिटं करा. तिसऱ्या पाकिटात नाताळची गाणी म्हणत फिरणाऱ्या कॅरलवाल्या मुलांची वर्गणी, चर्चची देणगी, कामवाल्या ताईंची बक्षिसी आणि लग्नांचे आहेर हे सगळं धरा. घरोघरचं गणित बिघडतं ते याच पाकिटात, केकच्या सामानात नाही.

पहिला रविवार, २९ नोव्हेंबर: भिजवणं, शिवणं, टांगणं

या दिवशी ज्यांना नुसता वेळ लागतो, मेहनत लागत नाही, ती कामं सुरू करून द्यायची.

सुका मेवा भिजवा. अर्धा किलोला थोडे काळे मनुके, थोडे बेदाणे, बी काढून चिरलेला खजूर, टुटीफ्रुटी आणि संत्र्याची पाकवलेली साल. सगळं मनुक्याएवढं चिरून काचेच्या कोरड्या बरणीत भरायचं आणि बुडेल इतकी रम ओतायची. दोन-तीन दिवसांनी बरणी हलवायची. दोन आठवडे पुरेसे होतात, वर्षभर मुरवलेल्या मेव्याच्या गोष्टी ऐकून खट्टू होऊ नका. मात्र केक भाजला की दारू पूर्ण उडून जाते हा समज खरा नाही, थोडी राहते. लहान मुलांसाठी आणि दारू न घेणाऱ्या शेजाऱ्यांसाठी वेगळा मेवा करायचा. केकच्या आदल्या रात्री तो संत्र्याच्या रसात मंद आचेवर दहा मिनिटं शिजवून झाकून ठेवला की झालं. यासाठी आज काही करायला नको.

शिंप्याकडे कापड अजून गेलं नसेल तर आज गेलंच पाहिजे. डिसेंबर उजाडला की आमच्याकडचे शिंपी नवीन काम घेतच नाहीत, किंवा घेतात आणि २४ च्या रात्री देतात. मुलांचे कपडे तयारच आणा, पण बूट आत्ता घेऊ नका. या वयात पाय तीन आठवड्यांतही दगा देतात. आणखी एक: कपाटात एक साधा पांढरा फ्रॉक किंवा सदरा धुऊन तयार ठेवा. शाळेच्या किंवा चर्चच्या नाटुकल्यात आपल्या पोराला देवदूत केल्याचं आदल्या रात्री नऊ वाजता व्हॉट्सअॅपवर कळतं. पुठ्ठ्याचे पंख तासाभरात होतात, पांढरा कपडा होत नाही.

चांदणी, म्हणजे नाताळला टांगायचा ताऱ्याच्या आकाराचा कंदील. बाजारात प्लास्टिकच्या घडीच्या चांदण्या मिळतात आणि त्या वाईट नसतात. पण दिवाळीला घरी आकाशकंदील करणाऱ्याला ही अवघड नाही, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला ती करताना बघायला फार आवडतं. एकाच लांबीच्या दहा बांबूच्या कामट्या घ्या. पाच कामट्यांची एक सपाट चांदणी बांधा, तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं सुतळीने आवळा. मग आतल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत वीतभर लांबीच्या पाच काड्या आडव्या अडकवून दोघींना फाकवा, की चांदणी फुगते. वर पतंगाचा कागद खळीने चिकटवा, मागची एक बाजू बल्बसाठी उघडी ठेवा. बल्ब एलईडीच वापरा. जुना पिवळा बल्ब कागद तापवतो.

आणि चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं. तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटवायची, गुलाबीचा मान तिसऱ्या रविवारचा. अंगणातल्या तुळशीच्या, क्रोटनच्या किंवा कुठल्याही हिरव्या डहाळ्या चालतात. प्लास्टिकच्या सूचिपर्णी वेलीवर पैसे घालवायचं काही कारण नाही. आम्ही जेवायच्या आधी पाच मिनिटं दिवे मालवून मेणबत्ती लावतो, थोरली एक प्रार्थना म्हणते, धाकटा फुंकर मारतो. त्याच्या दृष्टीने आगमनकाळ म्हणजे फुंकर.

दुसरा रविवार, ६ डिसेंबर: घर

साफसफाईबद्दल माझं मत घरात फारसं कुणाला पटत नाही, तरी सांगते. दिवाळीच्या सुमारास घर एकदा झाडून-पुसून झालेलं असेल, तर नाताळला पुन्हा माळा उतरवू नका. पाहुणे बसतात ती खोली, न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातले डबे, एवढंच. पडदे धुवायचे असतील तर आजच धुवा, कारण पुढच्या रविवारपासून दोरीवर रोज मुलांचेच कपडे असतात. रंगकाम करायचंच असेल तर ते नोव्हेंबरातच. डिसेंबरात रंगाऱ्याला घरात घेतलं की तो आपल्यासोबत नाताळ साजरा करतो.

खरेदीला आठवड्यातली एखादी संध्याकाळ बरी. केकचे साचे, इसेन्स, मिल्क क्रीमचे (दूध-काजूच्या मिठाईचे) रबरी साचे यांसाठी क्रॉफर्ड मार्केट अजूनही स्वस्त पडतं. ऑफिस दक्षिण मुंबईत असेल तर सुटल्यावर जाऊन या, मुलांशिवाय. मैदा, रवा, साखर, तूप इथल्याच वाण्याकडून घ्या. लोणी आणि काजू याच आठवड्यात घ्या. अंडी थंडीत महागतात आणि नाताळच्या तोंडावर संपतात, म्हणून अंडेवाल्याला किती लागणार ते सांगून ठेवा.

खाटकालाही आजच सांगायचं. सोरपोतेलसाठी (व्हिनेगर घातलेल्या मांसाच्या मसालेदार रश्श्यासाठी) डुकराचं मांस नुसतं ‘दोन किलो’ म्हणून सांगू नका. चरबी किती, काळीज हवं का, आणि कुठल्या दिवशी सकाळी न्यायला येणार, हे सांगा. २२ ला दुकानात जाऊन उभं राहणाऱ्याला उरलेलं मिळतं.

तिसरा रविवार, १३ डिसेंबर: केक आणि नाचणी

आज दोन कामं. एक मोठ्यांचं, एक मुलांचं.

केकचं आमचं प्रमाण: लोणी २५० ग्रॅम, ब्राऊन शुगर २५० ग्रॅम, अंडी पाच, मैदा २७५ ग्रॅम, भिजवलेला मेवा निथळून साधारण ६०० ग्रॅम, थोडी दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड, चिमूटभर मीठ. सगळं सामान दोन तास आधी बाहेर काढून ठेवा. गार लोण्यात अंडी घातली की मिश्रण फाटतं. लोणी-साखर हलकी होईपर्यंत फेटा, अंडी एकेक करून घाला, मेवा दोन चमचे मैद्यात घोळवून शेवटी मिसळा, म्हणजे तळाशी बसत नाही. भांड्याला आतून दुहेरी बटर पेपर लावा आणि १५० अंशांवर दीड ते दोन तास भाजा. मधोमध घातलेली काडी कोरडी निघाली की झाला. तुमच्या गावातली बेकरी अजून घरचे केक भाजून देत असेल तर तिथेच न्या. भट्टीसारखी खालून-वरून सारखी आच घरच्या ओव्हनला येत नाही. गार झाल्यावर बटर पेपर आणि फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा. रमचा केक बारा दिवसांत आणखी सुधारतो. रसाचा केक मात्र आज करू नका, तो पुढच्या रविवारी करून फ्रिजमध्ये ठेवायचा.

आता नाचणी. गोठ्यात हिरवं शेत हवं असेल तर ते आज पेरायला हवं. शनिवारी रात्री मूठ-दोन मूठ नाचणी भिजत घाला. रविवारी सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा, रात्रीपर्यंत दाणा फुगतो, कुठे कुठे पांढरं टोक दिसू लागतं. पसरट थाळीत किंवा मिठाईच्या खोक्याच्या झाकणात प्लास्टिक घालून बोटभर माती पसरा, त्यावर नाचणी दाट पेरा, वरून चिमटीने माती भुरभुरवा आणि वर्तमानपत्राने झाका. दोन दिवसांनी कागद काढायचा. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. ओतलं की दाणे एका कोपऱ्यात वाहून जातात आणि तिथेच कुजतात. हे शिंपडणं मुलांकडे द्या. आमच्याकडे केस विंचरताना पाणी मारायची जुनी फवारणी यासाठीच आहे. थंडी जास्त असेल तर थाळी रात्री स्वयंपाकघरात आणा. आठवड्याभरात करंगळीच्या पेराएवढं हिरवं होतं, नाताळपर्यंत दोन बोटं. उशीर झालाच तर १८ तारखेला मोहरी किंवा मेथी पेरा, ती लवकर उगवते, फक्त तिची पानं शेतासारखी न दिसता भाजीसारखी दिसतात.

याच दिवशी गव्हाणीचा खेळही सुरू करता येतो. एक छोटं रिकामं खोकं घ्या आणि शेजारी वाटीत पेंढ्याच्या काड्या ठेवा. मुलांनी दिवसभरात कुणासाठी काही चांगलं केलं की एक काडी खोक्यात टाकायची. २४ च्या रात्री बाळ येशूची मूर्ती त्याच पेंढ्यावर ठेवायची. कुठलं काम चांगलं हे मुलांनाच ठरवू द्या. थोरलीने गेल्या वर्षी ‘आज भावाला मारलं नाही’ यासाठी काडी टाकली होती, आणि ती आम्ही मान्य केली.

१९ आणि २० डिसेंबर: कलकल, करंज्या, गोठा

शनिवारची संध्याकाळ कलकलची, म्हणजे रेघारेघांच्या गोड तळलेल्या गुंडाळ्यांची. हा पदार्थ एकट्याने करायचा नसतोच. बहीण, जाऊ, शेजारीण, मुलं, सगळ्यांना बोलवा. अर्धा किलो मैद्याला दोन मोठे चमचे बारीक रवा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे गरम तूप, एक अंडं, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं नारळाचं घट्ट दूध, साधारण एक वाटी. पीठ पुरीच्या पिठापेक्षा थोडं सैल भिजवून ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा. मग बोराएवढी गोळी घ्यायची, तुपाचं बोट लावलेल्या काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरवायची आणि एका कडेपासून गुंडाळत आणायची. रेघा बाहेर आल्या पाहिजेत आणि शेवटची कड नीट दाबली गेली पाहिजे, नाहीतर तेलात उलगडते. नवी कोरी फणी घेतली तर काट्यापेक्षा रेघा सुबक येतात. सहा वर्षांच्या मुलाला हे छान जमतं. अडीच वर्षांच्याला पिठाचा एक वेगळा गोळा द्या, आणि तो काय करतो तिकडे बघू नका.

तळताना आच मध्यमच्या खाली ठेवा. पिठात साखर असल्याने कलकल बाहेरून झटकन लाल होतात आणि आत कच्चे राहतात. असे कच्चे कलकल चार दिवसांत मऊ पडतात आणि त्यांना वास येतो. एक घाणा काढून गार करून मोडून बघा. आत कोरडं आणि खुसखुशीत असेल तरच पुढचे घाणे तसेच तळा. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका.

करंज्या रविवारी सकाळी. सारण ओल्या नारळाचं केलं तर ते चार-पाच दिवसच टिकतं, म्हणून वाटपाच्या करंज्यांना सुकं खोबरं, खसखस आणि भाजलेला रवा यांचं सारण घाला. चकली-शंकरपाळ्यांबद्दल मी काही सांगायची गरज नाही. दिवाळीला जे हाताला जमतं तेच इथेही. दोदोल आणि बेबिंका या गोव्याकडच्या मिठाया. गोव्याहून कुणी येणार असेल तर त्यांना आणायला सांगा. बेबिंकाचा एकेक थर भाजत बसायला नोकरी करणाऱ्या घरात डिसेंबरात वेळ नसतो, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

दुपारनंतर गोठा. आमच्याकडे हे काम पुरुषांचं समजलं जातं आणि त्याचं कौतुकही तेवढंच होतं. ज्या दिवशी तळण करणाऱ्यांचंही तेवढंच कौतुक होईल तेव्हा मी हे वाक्य खोडेन. तोवर गोठा करणाऱ्याने स्वतःचा पसारा स्वतः झाडायचा, एवढा नियम घालून घ्या. संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ मध्ये इटलीत ग्रेच्चो गावी पहिला गोठा मांडला, तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि पेंढा होता. आपल्याला सिमेंटच्या गोणीचा कागद चुरगळून डोंगर, भाताचा पेंढा, नाचणीची थाळी आणि थोडी वाळू एवढं पुरतं. घरात रांगतं किंवा नुकतं चालणारं मूल असेल तर गोठा जमिनीवर मांडू नका, त्याच्या हाताच्या वर मांडा, किंवा खालच्या ओळीत मोठ्या, न फुटणाऱ्या मूर्ती ठेवा. पेंढ्यात मेणबत्ती किंवा पणती लावायची नाही, कितीही छान दिसत असली तरी. दिव्यांची माळ झोपताना बंद करायची. मूर्तींपैकी तीन राजे (बाळ येशूच्या भेटीला आलेले) गोठ्यात ठेवू नका. ते लांब, टीव्हीच्या कपाटावर वगैरे ठेवा आणि मुलांना रोज थोडे पुढे सरकवू द्या. त्यांचा सण ६ जानेवारीच्या आसपास असतो, तोवर ते पोचले की झालं.

एका गोष्टीचा इशारा मात्र गांभीर्याने घ्या. गाणी वाजवणाऱ्या सांता-बाहुल्यांत आणि स्वस्त चमकत्या खेळण्यांत बटणाएवढे सेल असतात. ते गिळले गेले तर अन्ननलिका काही तासांत भाजू शकते. झाकणाला स्क्रू नसलेलं असं खेळणं लहान मुलाच्या हाती देऊ नका, आणि सेल गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. केकवर लावायचे चांदीचे मणी आणि अख्खे दाणे पाच वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवा.

२१ ते २३: कॅरल, सोरपोतेल, मिल्क क्रीम

या दिवसांत तरुणांच्या कॅरलच्या टोळ्या रात्री घरोघर फिरतात. गिटार, ढोलकी आणि सोबत एक घामाघूम सांता. तुमच्या वाडीत ते कुठल्या रात्री येणार हे धर्मग्रामाच्या (आपल्या चर्चच्या हद्दीतल्या लोकांच्या) ग्रुपवर कळतं. त्या रात्री मुलांना दुपारी जास्त झोपवा. झोपलेलं मूल ढोलकीने दचकून उठलं आणि समोर दाढीवाला सांता दिसला, की पुढचे दोन तास कुणाचे नसतात. वर्गणीचे सुटे पैसे पाकिटात आणि फराळाची ताटली तयार ठेवा.

सोरपोतेल मंगळवारी रात्री. मांस सोमवारी रात्री मोठ्या तुकड्यांत उकडून फ्रिजमध्ये ठेवलं तर मंगळवारी ते घट्ट होतं आणि नखाएवढे बारीक तुकडे पटापट चिरता येतात. गरम मांस चिरणं म्हणजे बोटं भाजणं आणि तुकडे चेचणं. तुकडे त्यांच्याच चरबीत परता, मसाला आणि व्हिनेगर घाला, शिजवून गार करून फ्रिजमध्ये ठेवा. रोज एकदा लागेल तेवढं काढून उकळा. तिसऱ्या दिवशी ते खरं लागतं, आणि तो दिवस नेमका नाताळचा येतो. बाकी मटण, कोंबडीचा मसाला लावून ठेवण्यापलीकडे आधी काही करू नका.

मिल्क क्रीम बुधवारी. एक लिटर सायीचं दूध निम्म्यावर आटवा, त्यात २२५ ग्रॅम साखर आणि भिजवून बारीक वाटलेले शंभर ग्रॅम काजू घाला. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर सतत हलवत राहा. मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागलं की चमचाभर लोणी घालून उतरवा. हाताला सोसेल इतकं गार झालं की मळा आणि तूप लावलेल्या रबरी साच्यात दाबून काढा. साच्यातून काढायचं काम थोरल्या मुलांना द्या, फक्त हात धुऊन. हे दुधाचं आहे, फ्रिजमध्येच ठेवायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं.

फराळाचे डबे बुधवारी रात्रीच भरा. दिवाळीला ज्या घरांतून आपल्याकडे ताट आलं त्यांची यादी आधी करा, मग नातेवाईक. प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी चिकटवून लिहा: अंडं आहे, अंडं नाही, रम आहे. शेजारच्या शाकाहारी घरात विचारावं की नाही या संकोचात ते लोक केक बाजूला ठेवतात आणि तो तसाच टाकला जातो. अंडं न खाणाऱ्यांना साध्या करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे द्यायचे, आणि ते अंड्याच्या कलकलच्या तेलात तळायचे नाहीत.

२४ आणि २५

रजेच्या दिवशी सकाळी केस, नखं, इस्त्री आणि बाजारातून फुलं. दुपारी मुलांना झोपवा, आपणही झोपा. हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा सल्ला. संध्याकाळचं जेवण खिचडीसारखं साधं.

रात्रीच्या मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) वेळ आपल्या धर्मग्रामाची नीट विचारून घ्या. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे ती सगळीकडे बाराची राहिलेली नाही. मिस्सा मैदानात असेल तर मुलांना कानटोपी आणि मोजे घालाच, वसईत डिसेंबरच्या रात्री दव पडतं. एक चादर, पाण्याची बाटली, आवाज न करणारा खाऊ आणि मागच्या रांगेतल्या कडेच्या खुर्च्या, एवढं पुरे. तीन वर्षांखालचं मूल असेल तर रात्री जायलाच हवं असं नाही. २५ च्या सकाळच्या मिस्सालाही तोच मान आहे. नवरा-बायकोंनी वाटून घेतलं तरी चालतं: एक जण थोरल्याला घेऊन रात्री, दुसरा धाकट्याला घेऊन सकाळी.

घरी आल्यावर बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवायची आणि एक तुकडा केक खाऊन सगळ्यांनी झोपायचं. भेटवस्तू सकाळी. मुलाला एक मोठी वस्तू पुरे होते. मामा-काका-आत्यांकडून येणाऱ्या बाकीच्या पुढच्या काही दिवसांत एकेक करून काढा, नाहीतर एकही नीट खेळली जात नाही.

सकाळी न्याहारीला फुगे (तळलेले गोल पाव) करायचे असतील तर मैदा, यीस्ट, अंडं आणि नारळाच्या दुधाचं पीठ रात्री मिस्साहून आल्यावर भिजवून ठेवा, सातच्या नियमाला एवढाच अपवाद. यीस्ट नेहमीपेक्षा कमी, म्हणजे सकाळपर्यंत आंबट होत नाही. ओल्या मुठीतून पीठ पिळून गरम तेलात सोडलं की ते आपोआप गोल फुगतं. दुपारच्या जेवणाला भात, सोरपोतेल आणि एक कोंबडीचा रस्सा यापलीकडे कुणी काही मागत नाही. मागितलंच तर कढई कुठे असते ते दाखवा.

२६ पासून लग्नं सुरू होतात. आहेराची पाकिटं आणि मुलांचे दुसरे चांगले कपडे एका पिशवीत आधीच भरून ठेवा. नाताळचे कपडे २५ लाच रश्श्याने रंगलेले असतात. तीन राजांच्या सणानंतर गोठा उतरवताना मूर्ती वर्तमानपत्रात एकेक गुंडाळा, नाचणीची थाळी केळीच्या बुंध्याशी उलटी करा. दिव्यांच्या माळा कोपराभोवती न गुंडाळता पुठ्ठ्यावर गुंडाळा, आणि ज्या माळेचा बल्ब गेला आहे तिच्यावर तसं लिहूनच डब्यात टाका.